कूलंटने हात फुटले, तर आधी टाकीत बघा

लग्नातली अंगठी मी वर्षभरातच सोनाराकडे परत नेली होती. जांभळी नाक्यावरचं दुकान, सासऱ्यांच्या ओळखीचं. अंगठीखाली लाल पट्टा उठायचा, खाज सुटायची, कातडं सोलून निघायचं. मी ठरवून टाकलं होतं की सोन्यात भेसळ आहे. सोनाराने कसोटीवर घासून दाखवली, वजन करून दाखवलं, मग माझाच हात उलटापालटा करून विचारलं, "तुम्ही काम काय करता?" म्हटलं, लेथवर आहे, वागळे इस्टेटला. "मग महिनाभर अंगठी काढून ठेवा. त्यानंतर या, बदलून देतो." महिन्याभरात बोट स्वच्छ झालं. मी परत गेलोच नाही. सासऱ्यांच्या कानावर मात्र सगळी हकिगत गेली होती.

अंगठीखाली कूलंट, म्हणजे धातू कापताना थंड राहावा म्हणून मशीनवर सोडतात ते तेल-पाणी, साचत होतं. हात धुतला तरी तेवढी जागा ओलीच राहायची, वर साबणही तिथेच अडकायचा. आठ तास, कधी बारा तास, एकाच गोलावर तेच पाणी. म्हणून पहिली गोष्ट ही: मशीनवर उभं राहायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ, हातातला धागा, सगळं काढा. एरवी ही सूचना बोट अडकू नये म्हणून देतात, तेही खरंच आहे, पण कातडीसाठी तितकीच खरी आहे. देवाचा धागा काढवत नसेल तर गळ्यात घाला, शर्टाच्या आत.

मी 1994 साली आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो. आधी वागळे इस्टेट, आता रबाळे. माझ्याकडे पाच सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या लेथ), तीन व्हीएमसी (तशाच मिलिंगच्या मशीन) आणि कोपऱ्यात एक जुनी लेथ, जी विकायला मालकाचा जीव होत नाही. इतक्या वर्षांत हात फुटलेली पुष्कळ माणसं पाहिली. प्रत्येक जण आधी मेडिकलवाल्याकडे जातो आणि ट्यूब आणतो. माझं म्हणणं असं आहे की हाताचं दुखणं दोन ठिकाणी तयार होतं, कूलंटच्या टाकीत आणि हात धुवायच्या बेसिनवर. तिथं काही बदललं नाही तर ट्यूबा संपत राहतात आणि हात तसाच राहतो.

कातडीला नेमकं काय होतं

पाण्यात मिसळायचं कूलंट म्हणजे तेल, पाणी आणि त्या दोघांना एकत्र धरणारा साबणासारखा पदार्थ. शिवाय गंज लागू नये म्हणून काही, जंतू वाढू नयेत म्हणून काही. तुपाने माखलेल्या ताटावर साबण जे करतो तेच हे मिश्रण हातावर करतं. कातडीत जे स्वतःचं तेल असतं ते उचलून नेतं. वर पीएचचा, म्हणजे आम्ल-अल्कलीच्या मापाचा फरक. आपली कातडी किंचित आम्लाकडे असते, 5 च्या आसपास. चालू कूलंट साधारण 8.5 ते 9.5. पीएचमध्ये एक आकडा वाढला की दहा पट फरक पडतो, म्हणजे चार आकड्यांचा फरक किती मोठा ते बघा. त्यात बारीक चिप्स, म्हणजे कापताना निघणारा धातूचा चुरा. व्हीएमसीवर ॲल्युमिनियम किंवा कास्ट आयर्न चालू असलं की डोळ्यांना न दिसणारे ओरखडे दिवसभर पडत असतात, आणि त्या ओरखड्यांतून कूलंट आत जातं.

हात बघून मी साधारण ओळखतो. बोटांच्या बेचक्यात आणि हाताच्या मागच्या बाजूला कोरडेपणा, लाली, मग भेगा, आणि चार दिवस गावाला गेलं की बरं वाटणं: हे कातडी नुसती झिजल्याचं लक्षण, आणि नव्वद टक्के नसेल तरी बहुतेकांचं हेच असतं. पाण्याचे बारीक फोड, भयंकर खाज, आणि जिथं कूलंट लागलंही नाही तिथे, म्हणजे मनगटाच्या वर, पापणीवर, मानेवर चट्टे: इथे ॲलर्जीचा संशय घ्यायचा. ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. माणूस तीन वर्षं, दहा वर्षं त्याच कूलंटवर निर्धास्त काम करतो आणि एके दिवशी सुरू होतं. म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही, आताच कसं" हा प्रश्न निरर्थक आहे. आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, मग थेंबभरानेही उठते.

तिसरा प्रकार तेलवाल्यांचा. ऑटो लेथवर, गिअर हॉबिंगवर, होनिंगवर जिथं पाणी न घालता नुसतं कटिंग ऑइल वापरतात, तिथे भेगा पडत नाहीत. केसांच्या मुळांशी काळ्या टोकाच्या पुळ्या येतात, पुढच्या हातावर आणि मांड्यांवर. मांड्यांवर का, ते पँट बघितली की कळतं. तेलकट चिंधी खिशात कोंबायची सवय.

टाकी

आता मूळ मुद्दा. हात फुटायला लागले की आधी रिफ्रॅक्टोमीटर काढा, कूलंट किती दाट आहे ते दाखवणारी छोटी दुर्बीण. बहुतेक शॉपमध्ये तो असतोच, क्वालिटीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये, डबीसकट, धूळ खात. नसेल तर मालकाला मागा, एका कूलंटच्या बॅरलपुढे त्याची किंमत काहीच नाही.

वापर असा. झाकण उघडा, काचेवर साध्या पाण्याचा थेंब टाका, झाकण बंद करा आणि उजेडाकडे धरून डोळा लावा. वर निळं, खाली पांढरं दिसेल. दोन्हीमधली रेघ शून्यावर हवी, नसेल तर छोट्या स्क्रूने आणायची. मग काच पुसून कूलंटचा थेंब. हा थेंब टाकीच्या वरच्या थरातून घेऊ नका, तिथे तेल तरंगतं. मशीन दहा मिनिटं चालू द्या आणि नोझलखाली धरून घ्या. रेघ ठळक असेल तर कूलंट ठीक आहे. रेघ पुसट, धुक्यासारखी असेल तर त्यात स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) किंवा हायड्रॉलिकचं तेल मिसळलंय. जो आकडा दिसतो तो टक्का नव्हे. कूलंटच्या माहितीपत्रकावर एक गुणक दिलेला असतो, त्याने गुणायचं. समजा रेघ 5 वर आहे आणि गुणक 1.4, तर टाकीत 7 टक्के आहे. साधं टर्निंग-मिलिंग असेल तर 5 ते 8 टक्क्यांत काम भागतं, नेमकं किती ते पत्रकात बघा.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हा आकडा बोलता बोलता 12 वर जातो. पत्र्याचं शेड, बाहेर ठाणे-बेलापूर रोडचं ऊन, टाकीतलं पाणी उडून जातं आणि तेल मागे राहतं. ऑपरेटर बघतो, पातळी खाली गेली. तो बॅरलमधून डबाभर नुसतं कूलंट ओततो, त्यावर थोडं पाणी. झालं! संध्याकाळपर्यंत हात चुरचुरायला लागतात. उन्हाळ्यात भर घालायची ती पातळ मिश्रणाची, एक-दोन टक्क्यांची, रोज थोडी थोडी. आणि मिश्रण करताना बादलीत आधी पाणी, मग ढवळत ढवळत तेल. उलटं केलं तर दाट गोळे होतात, नीट मिसळतच नाही. ढवळायला काठी घ्या. हो, हे लिहावं लागतंय, कारण कोपरापर्यंत हात घालून ढवळणारे मी पाहिलेत. बॅरलमधलं न पातळ केलेलं कूलंट टाकीतल्यापेक्षा दहा-पंधरा पट कडक असतं. ते हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा.

पाणी कुठलं आहे तेही बघा. एमआयडीसीच्या नळाला बारवी धरणाचं पाणी येतं, त्याचा फारसा त्रास नाही. पाणी गेलं की टँकर येतो किंवा बोअर चालू होते, आणि ते पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही ना, ते पाणी कूलंटलाही फोडतं. टाकीच्या कडेला साबणाच्या सायीसारखा चिकट थर दिसला की समजा पाण्याचं काम आहे.

मग वास. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला शटर उघडलं की कुजक्या अंड्याचा भपकारा येतो, तो कूलंटचा स्वभाव नव्हे. दीड-दोन दिवस पंप बंद, वर गळक्या तेलाची साय, खाली हवा नाही, आणि हवा नसलेल्या जागेत वाढणारे जंतू मजेत. ते पीएच खाली ओढतात, कूलंट फुटतं. अशा वेळी पंप चालू करण्याआधीच ती साय काढा. रात्रभर स्थिर राहिलेल्या टाकीवर तेल दुधावरच्या सायीसारखं एकसंध असतं, चपट्या डब्याने सहज निघतं. पंप चालू केला की ते पुन्हा आत घुसळलं जातं आणि मग आठवडाभर निघत नाही. वरचं तेल उचलणारा पट्ट्याचा स्किमर असेल तर उत्तमच. पीएचच्या पट्ट्या कुठल्याही लॅब सामानाच्या दुकानात मिळतात. आठवड्यातून एकदा बुडवा आणि आकडा लिहून ठेवा. 8.5 च्या खाली उतरायला लागला की जंतू वाढलेत, 9.5 च्या वर गेला तर हातांची वाट लागणार.

टाकी म्हणजे पिंकदाणी नाही, हेही सांगतो. गुटख्याची पिचकारी, उरलेला चहा, विडीचं थोटूक, लादी पुसलेलं पाणी, सगळं मी टाकीत गेलेलं बघितलंय. त्यावरच जंतू पोसतात.

आणि आता माझी स्वतःची चूक. तीन वर्षांपूर्वी दोन मशीनच्या टाकीला वास मारायला लागला. टाकी रिकामी करून धुवायची म्हणजे एक शिफ्ट बंद, आणि डिस्पॅचची घाई होती. मी सप्लायरकडून जंतुनाशकाची बाटली आणली. त्याच्या सांगण्यापेक्षा जास्तच टाकलं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. वास गेला, मी खूश. पण कूलंटमधली जंतुनाशकं हीच ॲलर्जीची मोठी कारणं आहेत. काहींतून फॉर्माल्डिहाइड सुटतं, काही आयसोथायझोलिनोन नावाच्या घराण्यातली असतात. मापात ठीक, मापाबाहेर नाही. त्या मशीनवरच्या पोराचं काय झालं ते पुढे सांगतो. त्यामुळे जंतुनाशक सप्लायरच्या मापाने, लिहून, तारीख घालून, आणि दोनदा टाकूनही वास आला तर तिसऱ्यांदा नाही. टाकी रिकामी करायची, तळाचा गाळ खरवडायचा, क्लीनर पाइपांतून काही तास फिरवायचा, मग धुवून नवं भरायचं. गाळ ठेवून नवं भरलं तर दोन आठवड्यांत तोच वास. जुनं कूलंट गटारात नाही, घातक कचऱ्यात. त्याची गाडी तळोज्याला जाते.

फिनेल टाकून वास घालवणाऱ्या एका गृहस्थाबद्दल मी इथे काही बोलत नाही.

बेसिन

शिफ्ट सुटली की आमच्याकडे हात कसे धुतले जायचे ते सांगतो. मूठभर लाकडाचा भुसा, त्यावर कपडे धुण्याची पावडर, थोडं पाणी, आणि खरडा. ग्रीस असेल तर आधी रॉकेल. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून डिझेल, आणि पेंटवाल्यांकडून थिनर. हात पांढरे शुभ्र निघतात आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटायचा. पण दिवसभर कूलंटने जे तेल काढलं नाही ते थिनर एका मिनिटात काढतो. भुशाने वर ओरखडे, पावडरचा पीएच कूलंटपेक्षाही चढा. कूलंटच्या नावाने बोंब मारणाऱ्या निम्म्या हातांचा खरा गुन्हेगार बेसिनवर असतो.

मी आता पोरांना असं शिकवतो. आधी कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, घासू नका, टिपा. कॉटन वेस्ट (सुताचा गुंता) वापरत असाल तर बघून घ्या, तिच्यात चिप्स अडकलेल्या असतात. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, पुसायची चिंधी हाताला नाही. मग ग्रीस असेल तिथे चमचाभर खोबरेल. हो, डोक्याला लावायचं तेच. तेल तेलाला सोडवतं. अर्धा मिनिट चोळा, नखांच्या कडेला, बेचक्यांत, आणि कापडाने पुसून काढा, काळं सगळं कापडावर येतं. त्यानंतर साधा अंगाचा साबण, शक्यतो सौम्य, आणि साधं पाणी. कडक गरम नको. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. कोपराकडून बोटांकडे पाणी सोडा आणि बेचके कोरडे करा. हे शेवटचं कोणी करत नाही, पँटीला हात पुसून लोक पळतात, ट्रेन धरायची असते. ओले बेचके घेऊन जाणं म्हणजे अंगठीचीच गोष्ट दहा ठिकाणी. हात धुण्याची दाणेदार पेस्ट मिळते, ती खूप माखलेल्या दिवशी एकदा ठीक, दर चहाला नको.

धुतल्यावर काहीतरी स्निग्ध लावायचंच. पेट्रोलियम जेली स्वस्त आणि बिनवासाची, कोणालाही चालते. मला आई संगमेश्वराहून कोकमाचं मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल, पाठवायची. टाचांच्या भेगांसाठी आमच्याकडे घरोघरी असतं. तव्यावर जरा गरम करायचं, झोपताना भेगांत भरायचं आणि वर जुने मोजे हातात घालायचे. बायको हसायची, पण सकाळी बोट वाकवलं तर रक्त येत नसे. कामाआधी लावायची जी 'अदृश्य ग्लोव्ह' म्हणून क्रीम विकतात, तिच्यावर मात्र भिस्त ठेवू नका. कूलंटच्या माऱ्यात ती फार टिकत नाही, आणि ती लावली म्हणून पोरं बिनधास्त होतात. कामानंतरचं मलम जास्त उपयोगी.

आणि एक. हात लघवीला जाऊन आल्यावर धुतो तसे जाण्याआधीही धुवा. हसू नका. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल नावाच्या सूत कातायच्या यंत्रावर काम करणाऱ्यांना मशीनच्या तेलाने वृषणाच्या कातडीचा कॅन्सर व्हायचा, तेलात भिजलेली पँट दिवसभर घासायची म्हणून. पूर्वीचं अर्धवट शुद्ध केलेलं खनिज तेल कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे. आताची चांगली तेलं जास्त शुद्ध केलेली असतात. पण खुल्या बॅरलमधून, 'पुन्हा गाळलेलं' म्हणून जे स्वस्त तेल येतं, त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ते शॉपमध्ये घेऊ देऊ नका.

एअर गनने हात झाडणं बंद. चिप्स आणि कूलंट दोन्ही कातडीत शिरतात. हायड्रॉलिक पाइपला बारीक छिद्र असेल तर ते बोटाने चाचपू नका. जोरदार तेल टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत जातं, बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट काळं पडतं. असं झालं तर मलमपट्टी नाही, तडक मोठं हॉस्पिटल, आणि "प्रेशरने तेल आत गेलंय" हे शब्द तिथे उच्चारा.

ग्लोव्हज कुठे आणि कुठे नाही

चक (जॉब पकडणारा भाग) फिरत असताना, ड्रिल फिरत असताना ग्लोव्हज नाहीत. इथे कातडीपेक्षा हात मोठा. ग्लोव्हजचा एक धागा चकमध्ये गेला की मागोमाग हात जातो. सेटिंग करताना, जॉब काढताना, स्पिंडल पूर्ण थांबल्यावर, चिप्स उचलताना, टाकी साफ करताना, वॉशिंग टँकवर: इथे घाला.

पण कुठले? स्टोअरमधून मिळणारे होजिअरीचे विणलेले ग्लोव्हज कूलंटसाठी सगळ्यांत वाईट. स्पंज ते. पाच मिनिटांत भिजतात आणि मग शिफ्टभर कूलंटची पट्टी बांधल्यासारखी हातावर. धारेपासून बचाव म्हणून कोरड्या जॉबला वापरा, ओल्याला नाही. रबराचे पातळ दवाखान्यातले तेलाने फुगून फाटतात. नायट्रिलचे घ्या, वॉशिंगला लांब बाहीचे जाड. आत कूलंट गेलं तर ते ग्लोव्ह काढून टाका, नुसतं झटकून पुन्हा घालू नका, कारण बंद ग्लोव्हच्या आतलं कूलंट उघड्या हातापेक्षा वाईट. पावसाळ्यात आत घाम साचतो, तेव्हा आत पातळ सुती मोजा घालून तो दर चहाला बदला. दोन जोड्या पुरतात.

कपड्यांचं थोडक्यात. बॉयलर सूट भिजला की बदलायचा, मांडीपाशी आणि पोटापाशी खास. मशीनला टेकायची सवय सोडा. आणि घरी घेऊन जाता तेव्हा वेगळ्या पिशवीत. आमच्या हिच्या उजव्या हाताला दोन वर्षं सारखे चट्टे येत होते. साबण बदलला, भांड्याची पावडर बदलली. एकदा दिवाळीत शॉप आठवडाभर बंद होतं आणि तिचा हात बरा झाला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझे कपडे ती हाताने घासत होती. तेव्हापासून ते मीच भिजवतो, वेगळ्या बादलीत, आणि मुलांच्या कपड्यांत मिसळत नाही.

डॉक्टरकडे जाताना

मेडिकलवाल्याकडून 'चार गुणांची' ट्यूब आणू नका. खाजेवर म्हणून जी मिश्र क्रीम सर्रास मिळते तिच्यात बरेचदा जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस विश्वास टाकतो. मग कातडी पातळ होते, आणि मुळात नायटा असेल तर तो दबून आतून पसरतो, पुढे डॉक्टरलाही ओळखू येत नाही. लिंबू चोळणं, हळद थापणं, तेही फुटलेल्या हाताला नको.

डॉक्टरला मदत होईल असं काहीतरी घेऊन जा. पंधरा दिवस एका वहीत लिहा: कुठल्या मशीनवर, कुठलं कूलंट, सुट्टीला काय फरक पडला. मोबाइलवर हाताचे फोटो काढा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी हात नेमका बरा असतो. आणि कूलंटचं एमएसडीएस, म्हणजे सुरक्षेचं माहितीपत्रक. सोळा विभागांचा तो कागद असतो, सप्लायरने द्यायलाच हवा. दुसऱ्या विभागात एच 315 असं लिहिलं असेल तर कातडी चिडवणारं, एच 317 असेल तर ॲलर्जी करू शकणारं, एच 314 असेल तर भाजणारं. तिसऱ्यात घटक, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात कुठले ग्लोव्हज. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

ॲलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या टिकल्या चिकटवून 48 तास ठेवतात, मग काढून बघतात, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी. त्या काळात अंघोळ नाही, घाम नाही, त्यामुळे मे महिन्यात करू नका. घरी स्वतःच्या हातावर कूलंट लावून 'टेस्ट' करणं हा मूर्खपणा आहे. आणि पू, ताप, हातावरून वर जाणारी लाल रेघ, डोळे-ओठ सुजणं किंवा दम लागणं यांपैकी काही दिसलं तर वही-फोटो राहू द्या, त्याच दिवशी दाखवा.

ईएसआयसीसाठी (कामगार विम्यासाठी) पगारातून 0.75 टक्के कापले जातात, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचेही, तर कार्ड वापरा. आणि "खाज काय, सगळ्यांनाच होते" असं कोणी म्हणालं तर एवढंच सांगा की 1948 च्या फॅक्टरी कायद्यातच रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचारोग कळवण्याच्या आजारांच्या यादीत होता, आणि हात धुवायची सोय देणं हे कलम 42 होतं. साबण मागणं म्हणजे भीक मागणं नाही.

आता तो पोरगा. जालन्याकडचा, आयटीआयचा, हाताला फार हुशार. माझ्या त्या दोन मशीनवर. बेचक्यात फोड आले, मग मनगटावर, मग पापण्या सुजल्या. ठाण्याहून रबाळ्याला येताना त्याने डब्यातली कडी धरली की शेजारचा माणूस खरूज समजून सरकायचा, म्हणून हा पोरगा दाराशी खिशात हात घालून उभा राहायला लागला. बहिणीच्या लग्नाला बारा दिवस गावी गेला, हात लखलखीत. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं. तेव्हा मी त्याला घेऊन गेलो. पॅच टेस्टला ज्या टिकलीखाली लाल उठलं ती जंतुनाशकाची होती. डॉक्टरने नाव लिहून दिलं, मी शॉपवर येऊन ती बाटली काढली. तेच नाव.

आम्ही ते कूलंट बदललं. सप्लायरला लेखी विचारून ते द्रव्य नसलेलं घेतलं. तरी त्याला लगेच मशीनवर नाही ठेवलं. वरून हात दोन-तीन आठवड्यांत बरा दिसतो, पण आतली भिंत पुन्हा उभी राहायला काही महिने लागतात, आणि त्या काळात साधा साबणही झोंबतो. कोरड्या कामावर, इन्स्पेक्शनला टाकला. तो नाराज झाला, कारण तिथे ओव्हरटाइम नाही, आणि बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं. मी मालकाशी दोनदा बोललो, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून. ओव्हरटाइमच्या जागी काही रक्कम मिळाली, पूर्ण नाही.

तो इन्स्पेक्शनलाच राहिला. सकाळी मायक्रोमीटर घेण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन सगळ्या मशीनवर फिरतो आणि आकडा खडूने दरवाजावर लिहितो. काल चार नंबरवर 9.5 लिहून गेला आणि खाली, "काका, पाणी."